हॅलोकाकांची बिनसरकारी सुट्टी

त्यांचं खरं नाव बायकोशिवाय फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसाठी ते हॅलोकाका. सभा असो की उद्घाटन, माईक आणि भोंगे लावायचं काम त्यांचं. पुढारी यायच्या आधी मंचावर चढायचं, माईकवर बोटाने टकटक करून "हॅलो, हॅलो" म्हणायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं जाहीर भाषण. मग मंचाच्या कडेला तारांच्या जंजाळात, आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसून राहायचं.

बसून बसून कान तयार झाला. कोण कुठे खोकतो, कोण विनोद करून हशाची वाट बघत थांबतो, सगळं पाठ. एकदा विरोधी पक्षाचे पुढारी भर उन्हात गरजले, "यांनी रस्त्यात इतके खड्डे ठेवलेत, की उद्या पळून जायची वेळ आली तर यांनाच जमणार नाही!" लोक पोट धरून हसले. परतताना पुढाऱ्यांचीच गाडी खड्ड्यात रुतली. लोक ढकलायला धावले, पण हसू आवरेना, त्यामुळे गाडी काही हलेना.

घरी आले की काका हे सगळं आवाजासकट काकूंना ऐकवत. काकू शिवणकाम करत. हसताना मशीनवरचा पाय थांबत नसे आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यावर नको तिथे टीप पडे. एका सदऱ्याची बाही खिशाला शिवली गेली, तेव्हा त्या वैतागल्या.

"अहो, तुमच्या या पुढाऱ्यांपायी माझा धंदा बसेल. एक दिवस ठरवा, सगळ्या गल्लीला बोलवा, आणि काय ते एकदाच हसून घेऊ."

"रविवार बरा पडेल," काका म्हणाले.

"रविवारी कसली सुट्टी? कामाच्या दिवशी घेतली तरच तिला सुट्टी म्हणतात."

मग ठरलं, दर वर्षी नगरपालिकेचं अंदाजपत्रक जाहीर होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा लोकांना हसण्याची गरजही असते. नियम एवढाच, की विनोद पुढाऱ्याने स्वतः केलेला हवा. पुढाऱ्याला कुणी शिव्या घालू लागला, की काका माईक बंद करत. त्या दिवशी न्हावी दुकानाला कुलूप ठोकी. मुख्याध्यापिका बाई दाढदुखीची रजा टाकत आणि काकांच्या अंगणात पहिल्या रांगेत बसून ती दाढ सगळ्यांना दिसेल इतक्या हसत.

असंच चाललं होतं. मग एका वर्षी, अंदाजपत्रकाच्या आदल्या आठवड्यात, नगराध्यक्ष स्वतः काकांच्या दारात उभे. भारी गंभीर माणूस. फीत कापतानाही चेहरा असा, की जणू फितीचं ऑपरेशन चाललंय.

"तुमच्याकडे विरोधकांचे विनोद सांगतात म्हणे?"

"सांगतात, साहेब."

"आणि आमचे?"

काका चाचरले. "तुम्ही केलेत की सांगूच ना, साहेब."

नगराध्यक्षांनी काकूंनी दिलेलं पाणी एका घोटात संपवलं. "लहानपणी मी एक केला होता," ते हळूच म्हणाले, "पण साक्षीदार नाहीत."

काकांचा जीव कळवळला. "यंदा तुम्हीच या. बोला काहीतरी."

नगराध्यक्ष आले, पण सोबत सचिव आणि टाइप केलेला कागद घेऊन. अंगण गच्च भरलेलं. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला घेतलं.

"एका गावात एक वस्तू होती. ती दुसऱ्या वस्तूला म्हणाली..."

कुणी हसेना. नगराध्यक्षांनी कागद उलटा करून पाहिला, सचिवांकडे पाहिलं. सचिव आपल्या बुटांकडे बघत होते. काकांना वाटलं, माईकची तार उपटावी आणि वीज गेली म्हणून सांगावं.

तेवढ्यात नगराध्यक्षांनी कागद खाली ठेवला. "खरं सांगू? मुळात तो नळ होता. पाणीपुरवठा समितीने हरकत घेतली. दुसरा पाइप होता, तो ठेकेदारांना लागला. मग बैठक बोलावली आणि 'वस्तू' हा शब्द एकमताने मंजूर झाला."

अंगणात हशा फुटला. न्हावी ओरडला, "पण साहेब, ती वस्तू म्हणाली काय?"

"ते पुढच्या बैठकीत ठरणार आहे!"

काका इतके गदागदा हसले, की हाताखालचं बटण फिरलं आणि भोंगा किंचाळला. कानावर हात ठेवूनही लोक हसतच होते. नगराध्यक्ष मात्र हरखून गेले आणि त्या भरात त्यांनी जाहीर करून टाकलं, "पुढच्या वर्षीपासून ही सुट्टी सरकारी!"

काकांचा चेहरा पडला. रात्रभर ते कूस बदलत राहिले आणि सकाळी त्यांनी थेट नगराध्यक्षांचं कार्यालय गाठलं.

"साहेब, रागावू नका. सरकारी झाली की प्रास्ताविक आलं, पाहुण्यांचा परिचय आला, आभार आले. मग माणसांनी हसायचं कधी?"

नगराध्यक्षांनी समोरची फाइल मिटली. "जाहीर तर करून बसलो. असं करतो, प्रस्ताव समितीकडे पाठवतो. तिथे तो अगदी सुरक्षित राहील. बाहेर येणारच नाही."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की हसावं की नाही हे काकांना जिन्यावर आल्यावर कळलं. मग ते कठड्याला धरून हसले.

पुढच्या निवडणुकीत नगराध्यक्ष पडले, तेही सपाटून. त्या वर्षी ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण आले. चालत, एकटे, सचिव नाही, कागद नाही. त्यांनी काकांच्या हातातून माईक घेतला.

"लोकांनी मला घरी पाठवलं," ते म्हणाले. "घरचे विचारतायत, आम्हाला विचारलं होतं का?"

मुख्याध्यापिका बाई खुर्चीवरून घसरायच्या बाकी राहिल्या. काकूंनी डोळे पुसले, खुर्चीवरचे अर्धवट शिवलेले कपडे उचलले आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी. चहा झाल्याशिवाय सोडणार नाही."

ते बसले. न्हावी पुढचा विनोद सांगायला केव्हाचा माईकसाठी हात पुढे करून उभा होता.