डोक्याला काय हुतंय!

आमच्याकडं तालमी कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघही चालवतात. नव्वदच्या दशकात मी आमच्या तालमीच्या संघात होतो, म्हणजे बाकावर होतो. आम्हा पोरांना भीती पायाची. पाय मोडला की हंगाम गेला. डोक्याला लागलं तर आम्ही हसायचो. तो अवयव तसाही कुणी फारसा वापरत नव्हतं.

डोक्याची तपासणी तालमीचे वस्ताद करायचे, तेच आमचे प्रशिक्षक. तोंडावर पाणी, नाकाला कांदा आणि एक प्रश्न : "बोटं किती?" बोटं कायम दोनच असत, कारण उरलेल्यांत तंबाखूची चिमूट असायची. संघाला उत्तर पाठ होतं.

एका उपांत्य सामन्यात माझ्या जिवलग मित्राचं, आमच्या बचावफळीतल्या खांबाचं, चेंडूसाठी उडी मारताना समोरच्याच्या डोक्यावर डोकं आपटलं. मी पाणी घेऊन धावलो. तो उठून बसला आणि हळूच म्हणाला, "आपण कुणासंगं खेळतोय रं?"

"खेळतोय कुठलं? लगीन हाय तुझं. अक्षता टाकायला आलोय आम्ही."

तो हसला नाही. वस्ताद आले, बोटं धरली. हा नुसता बघत राहिला. मी मागून पुटपुटलो, "दोन."

"दोन," तो म्हणाला.

"हाय की शुद्धीत! डोक्याला काय हुतंय! चल, आत!"

खरं सांगतो, तो बाहेर आला असता तर आत मला जावं लागलं असतं. भरल्या मैदानासमोर माझी फाटली होती.

दहाएक मिनिटांनी त्यानं एक साधा उंच चेंडू डोक्यानं परतवला आणि जागीच कोसळला. गॅलरीतनं शिट्ट्या आल्या, "उठ की रं, नाटक्या!" डोळे त्यानं तिसऱ्या दिवशी दवाखान्यात उघडले. मी पहिलं काय विचारलं असेल? "त्या दिवशीचं काय आठवतंय?"

"कायबी न्हाय."

मला हायसं वाटलं. असा मी.

त्याची पोलीस भरती राहिली, मग एकेक करत सगळंच राहिलं. उजेड सोसत नाही, बोलता बोलता शब्द हरवतात. लग्नाकार्यात मी हा किस्सा अजून सांगतो, अक्षतांपर्यंतच. लोक पोट धरून हसतात.

महिन्यातनं एकदा त्याच्या घरी जातो. खिडकीला घोंगडं लावलेलं असतं. त्याची आई चहा आणते आणि दरवेळी म्हणते, "तू जवळ हुतास बाबा, म्हणून माझा ल्योक वाचला."

तो अंधारातनं मान हलवतो. मी चहा पितो.