फिरकीच्या तांब्यावरचं नाव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आई आणि मी, आम्ही दोघी तशा शहाण्याच होतो. पण वडील गेल्यावर तुकोगंजातलं घर आईच्या नावावर करायला म्युनिसिपालिटीत गेलो, तेव्हा तिथल्या बाबूने वडिलांचं मृत्युपत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे परत सरकवलं. "पहले इसे कोर्ट से साबित करा लाओ, बहनजी," तो म्हणाला. मग चढलो पायरी.

मध्यभारताचे दिवस होते ते. कचेऱ्यांवरच्या होळकरशाही पाट्या उतरून नव्या लागल्या होत्या. वडिलांचा सगळा जन्म त्यांतल्याच एका कचेरीत, कारकुनीत गेला. पाट्या बदलल्यावरही ते थोडे दिवस त्याच टेबलाशी बसत होते. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. भाऊ नव्हता, त्यामुळे कोर्टाची धावपळ माझ्या वाट्याला आली. पुष्कळांना ते बरं दिसलं नाही. मला त्यांचं बरंवाईट विचारायला वेळ नव्हता.

मृत्युपत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. राहतं घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीला मिळावं, असं लिहून पुढे पत्नीचं नाव घातलं होतं. ते नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागद आईपुढे धरला आणि जरा कडक आवाजातच विचारलं, "ही कोण?"

आईने चष्मा लावला. त्या नावाखाली बोट ठेवलं.

"मीच," ती म्हणाली. "और कोण असणार?"

आमच्यात लग्नानंतर सासरी मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यांत नवं नाव लिहायचं. ते नाव त्याने निवडलेलं असतंच असं नाही. आईचं नवं नाव माझ्या आजीने ठरवलं होतं. पुढे रेशनकार्डावर, दवाखान्यात, शाळेच्या माझ्या फॉर्मवर, सगळीकडे तेच लागलं. मामा तिला अक्का म्हणायचा. वडील तर नुसतं "अगं ऐकलंस का" म्हणायचे. मृत्युपत्रात होतं ते माहेरचं नाव घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. ते नाव मी इथेही लिहीत नाही, आईला आवडलं नसतं.

वकीलसाहेबांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. मध्यम वयाचे, सदा पान खाणारे गृहस्थ होते. "एक 'उर्फ' लगा देते पिताजी, तो आधे घंटे का काम था," ते म्हणाले. मला वडिलांचा मनस्वी राग आला. जन्मभर लोकांच्या अर्जांत काना-मात्रा तपासणारा माणूस, आणि स्वतःच्या मृत्युपत्रात दोन अक्षरांचा शब्द घालायचा विसरला! वकीलसाहेबांनी पुढचंही स्पष्ट सांगितलं. या नावाची बाई म्हणजेच माझी आई, हे साबित झालं नाही तर मृत्युपत्र नुसता कागद. मग मुलगा नसलेल्या माणसाच्या घरावर चुलतभाऊ हक्क सांगू शकतो. वडिलांचे चुलतभाऊ तेव्हा फारच मायेने आमची विचारपूस करत होते.

अर्ज दाखल झाला. कोर्टाचा माणूस आला आणि कोणाची हरकत असल्यास कळवावी अशी नोटीस आमच्या दारावर चिकटवून गेला. त्यात वडिलांचं नाव, आणि त्यांची पत्नी म्हणून ते अनोळखी नाव. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या निम्म्या बायका ती वाचून गेल्या. समोरच्या काकू आत येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "का हो, यांची आणखी कोणी होती का? बोलला नाहीत कधी." आई भाजी निवडत राहिली. त्या गेल्यावर मात्र रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर मला घराची काळजी होतीच, पण त्याहून जास्त त्या नोटिशीची चीड होती.

"कुछ तो लिखा हुआ होगा, बाईजी," वकीलसाहेब दर पेशीला, कोर्टाच्या दर तारखेला म्हणत. काही नव्हतं. मामा वारला होता, आईच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं, लग्नपत्रिका वाळवीने खाल्ली होती. मग एका रविवारी भांडी घासताना आईच बोलली, "लग्नातल्या भांड्यांवर नाव होतं माझं. माझ्या मामांनी टोचून दिलं होतं."

भांडी तर सगळी घरातच होती. मी एकेक उजेडात धरून बघितलं. परातीवर "चि. सौ. कां." एवढं लागलं, पुढे गुळगुळीत. तपेलीवर काही नाही. घागरीवर एक काना. लहानपणापासून राख आणि चिंच घेऊन ही भांडी मीच घासत आले होते, आणि लख्ख घासते म्हणून शाबासकीही मिळवत होते. आईचं नाव मीच माझ्या हाताने पुसलं होतं.

राहिला वडिलांचा फिरकीचा तांब्या. झाकणाला आटे असलेला, प्रवासाचा. त्यातून ते रोज कचेरीत पाणी न्यायचे. तो घासायला मी हात लावला की म्हणत, "ठेव, तो मी घासेन." मला वाटे, माणूस सोवळ्याचा. ते गेल्यापासून तांब्या फळीवरच होता, हिरवट पडलेला. खिडकीशी नेऊन पाहिला. पोटावर सगळी ओळ शाबूत होती: आईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, "हिचे लग्नात मामाकडून आहेर". अक्षरांभोवतीचं पितळ घासून झिजलं होतं. अक्षरांवरून हात फिरलेला नव्हता.

मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेले वडिलांचे कचेरीतले सोबती आता मुलाकडे देपालपूरला राहत होते. मी बसने जाऊन त्यांना घेऊन आले. पेशीच्या दिवशी तांब्या टेबलावर ठेवला. पेशकाराने, जज्जसाहेबांच्या कारकुनाने, तो उलटासुलटा करून "पीतल का लोटा, एक नग" अशी नोंद केली. जज्जसाहेबांनी त्या सोबती काकांना विचारलं, मृत्युपत्रातल्या बाईंना आपण ओळखता का?

"साहब, इनको तो आज पहली बार देख रहा हूँ," काका आईकडे बघून म्हणाले. "पर नाम तो बरसों से जानता हूँ. यही लोटा रोज टेबल पर रहता था. पूछा, ये नाम किसका, तो बोले, हमारे घर से हैं. फिर तो जिसको प्यास लगे, बोले, भाभी का पानी लाओ. हम सब नाम लेकर छेड़ते थे. वो बस हँसते थे."

कोर्टात दोन-चार लोक हसले. आईने पदर तोंडाला लावला. घरात जे नाव कोणी घेत नव्हतं, ते कचेरीतल्या सगळ्या कारकुनांना पाठ होतं.

जज्जसाहेबांनी आईला नाव विचारलं. तिने आधी सासरचं सांगितलं. मग दुसरंही सांगितलं, तिच्या वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसं. पुढच्या तारखेला हुकूम झाला. हरकत कोणाची आली नाही. दोन्ही नावं मध्ये "उर्फ" घालून आली, आणि घर आईचं झालं.

परतताना टांग्यात मी म्हटलं, "बाबांनी एकदा तरी नावाने हाक मारायची होती."

"लग्नानंतर एकदा म्हणाले होते, नाव चांगलं होतं तुझं," आई म्हणाली. "मी म्हटलं, आता काय को बोलताय? फिर कधी बोलले नाहीत."

त्या रविवारी मी नेहमीसारखी भांडी काढून बसले. राख घेतली, चिंच भिजवली आणि तांब्या पुढे ओढला. आई आतून आली आणि पाटावर माझ्याशेजारी बसली.

"ठेव," ती म्हणाली. "तो मी घासेन."