डिंकाशिवायचा चुना

“मी त्या भिंतीला हात लावणार नाही. एकदा सांगितलं ना!”

“अगं ताई, आयुष्यभर लावलासच की!”

“म्हणूनच नाही लावणार!”

आत्याने कांद्यावर सुरी अशी आपटली की बाबा स्टुलासकट मागे सरकले.

आत्या चुना देणारी, बाबा जुन्या बुद्धमंदिराचे राखणदार. दरवर्षी मंदिराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र करायच्या, हे आजोबांपासून आमच्याकडे आलेलं काम. गेल्या आठवड्यात ओलीने एक पापुद्रा सुटला आणि खालून रंगवलेला डोळा बाहेर आला. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई धावत आल्या. काल बाबा आत्यालाही तिकडे घेऊन गेले. बादलीशिवाय ती मंदिरात पहिल्यांदाच शिरत होती. आजवर तिची कायम मूर्तीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड!

काल तिने सगळं डोळे भरून पाहिलं. खांबांच्या माथ्यावर पश्चिमेच्या देशांतली कोरीव पानं, छपराचे कोपरे पूर्वेकडच्यासारखे वर वळलेले, दाराभोवती वाळवंटातल्या कारागिरांच्या निळ्या फरश्या. मंदिरापुढच्या जुन्या व्यापारी वाटेने जो गेला, तो काहीतरी ठेवून गेलेला. आणि मधे बुद्ध, सगळ्यांना सांभाळून घेत शांत बसलेला.

“ह्याच्या वस्त्राच्या चुण्या बघ,” ती हसून बाबांना म्हणाली, “कुण्या परदेशी शिंप्याने घातल्यात जणू.”

मग बाईंनी भिंतीवर दिवा धरला. उंच बूट घातलेला, कुरळ्या केसांचा एक माणूस गुडघे टेकून काहीतरी पुढे करत होता. काय, ते कळेना. कोपरापुढे सगळा चुनाच. आत्याचं हसू तिथेच विरलं.

“बिचारा इतक्या लांबून आला,” आत्या आता कांद्यालाच सांगत होती, “आणि मी त्याला गाडला. दरवर्षी! वर लांब उभी राहून बघायची, कुठे डाग तर राहिला नाही ना!”

“चुना होता म्हणून वाचला तो. धूर, ओल, पोरांनी खरडलेली नावं, सगळं चुन्याने अंगावर घेतलं. बाईच म्हणाल्या.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या.”

“आणि डिंक?”

आत्याने कांद्यावरून नजर उचलली.

चुना भिंतीला घट्ट धरावा म्हणून सगळे त्यात डिंक घालतात. आजोबा मंदिराच्या चुन्यात कधीच घालत नसत. डिंकाला मुंग्या लागणार, त्या पायाखाली मरणार, आणि तेही बुद्धासमोर! आत्यानेही तेच चालवलं. त्यापायी भिंतीला टेकणाऱ्यांच्या पाठी पांढऱ्या व्हायच्या आणि शिव्या बाबा खायचे.

“डिंक असता, तर चुन्याबरोबर रंगही उपटून आला असता,” बाबा म्हणाले. “आता अलगद सुटतोय. बाकीचा चुना काढायला बाईंना ती भिंत ओळखणारा हात हवाय. मी म्हटलं, मी येतो. नको म्हणाल्या!”

“शहाण्या आहेत. तू अंडं सोललंस तर निम्मं सालीबरोबर जातं.”

“म्हणून तर तू चल.”

“आणि माझ्या हातून त्याचं नाक गेलं तर?”

“सांगू, मुंग्यांनी खाल्लं.”

आत्याला हसू फुटलं. तिने ते पदराने दाबलं, पण बाबांनी पाहिलं होतं.

“त्याने काय आणलं होतं, ते बघायचं नाही तुला?” त्यांनी हळूच विचारलं.

आत्याने सुरी ठेवली. हात धुतले, बोटं एकेक करून पुसली.

“ताई, बाई वाट बघतायत. काय सांगू? हो की नाही?”

आत्याने पायांत चपला सरकवल्या आणि अर्धा कांदा तसाच टाकून ती मंदिराच्या रस्त्याला लागली.