डाव्या पायाचं काम

आमचे भाऊजी बसमध्ये बसले तरी ब्रेक दाबतात. तिसऱ्या रांगेत बसून बस थांबवता येत नाही हे त्यांना कळतं, त्यांच्या पायांना कळत नाही. समोर कुणी आडवं आलं की त्यांचा डावा पाय क्लच शोधतो, उजवा जमिनीत रुततो, आणि शेजारी बसलेल्या माझ्या बुटांची पार वाट लागते. उभं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या बाजूच्या सीटवर काढलेल्या माणसाचं आणखी काय होणार? त्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. शिकणारा गडबडला की सगळी मदार भाऊजींच्या पायांवर.

सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, ते यजमान. त्यांच्या ऑफिसला लागूनच माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक आधी माझ्याकडे डोळे तपासून घेतात आणि मग त्यांच्या तावडीत सापडतात.

मास्तरांची एक पद्धत आहे. शिकणाऱ्याला कधी शाबासकी द्यायची नाही. ‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी जेवणाच्या ताटावरही ऐकलेला नाही. पण शिकवणी संपत आली की एक दिवस, काहीही न सांगता, ते चपला काढतात, दोन्ही पाय वर घेतात आणि सीटवर मस्त मांडी घालून बसतात. याचा अर्थ, आता माझे पाय तुझ्या मदतीला येणार नाहीत, तुझी तू चालव. ‘तुझी मांडी झाली का?’ असं शिकणारे एकमेकांना विचारतात. बँकेतल्या एक बाई ती मांडी पाहून इतक्या हबकल्या की भर चौकात गाडी बंद करून खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी तोच चौक झोकात पार केला.

ड्रायव्हिंगच्या शाळेचा फोन ताई सांभाळते. नुसत्या वेळा देत नाही, फोनवरच अर्धा धडा घेते. “वळताना आरशात बघायचं, आणि मागची गाडी बघायची, स्वतःला नाही,” असं ती कॉलेजच्या मुलींना बजावते. सिग्नल, खुणा, कुणी कुणाला वाट द्यायची, सगळं तिला तोंडपाठ. फक्त गाडी चालवता येत नाही. लहानपणीच्या एका तापानंतर तिच्या डाव्या पायात जोर राहिला नाही. चालताना ती डावा हात गुडघ्यावर दाबून पाऊल टाकते, आणि बसली तरी सवयीने हात तिथेच असतो.

लग्न नवीन असताना भाऊजी तिला मोकळ्या मैदानावर गाडी शिकवायला घेऊन गेले होते. क्लच तिच्याने दबेना. मग तिने दोन्ही हातांनी गुडघा दाबून पाहिला. क्लच दबला, पण हात गुडघ्यावर अडकल्यावर स्टिअरिंग कोण धरणार? गाडी गचके खात खात बंद पडली. पुन्हा पडली, पुन्हा पडली. शेवटी भाऊजी म्हणाले, “राहू दे.” प्रेमानेच म्हणाले. तेव्हापासून ताई मागच्या सीटवर.

लोक गंमत करायचे, “मास्तर, सगळ्यांना शिकवलंत, आमच्या वहिनींचा नंबर कधी?” भाऊजी म्हणायचे, “आमच्या संसाराची गाडी त्याच चालवतात!” सगळे हसायचे, ताईसुद्धा हसायची. मला मात्र त्या हसण्याचा राग यायचा. मी तिचा भाऊ आहे. तिचं कुठलं हसू खरं आणि कुठलं वेळ मारून नेण्याचं, हे मला कुणी सांगायला नको.

गेल्या वर्षी भाऊजींच्या गाडीने मात्र अंत पाहिला. तिचं नाव म्हातारी. शिकाऊ लोकांची गाडी म्हणजे सदा पहिल्या गियरमध्ये, सारखी बंद पडणारी, उभ्या उभ्या पेट्रोल पिणारी. आलेली फी सरळ टाकीत जायची. त्यात पलीकडच्या रस्त्यावर नवी शाळा निघाली, तिची फी कमी. आता एक तर कमी खर्चात चालणारी गाडी घ्यायची, नाही तर शाळेला कुलूप लावून या वयात कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून राहायचं. तिसरी वाट नव्हती.

माझी भाची सुट्टीला आली होती. तिने जेवायच्या टेबलावरच विषय काढला. “बाबा, विजेवरची घ्या. रात्री घरी चार्ज करायची, दिवसभर फिरवायची. पेट्रोलची कटकटच नाही.”

“आणि क्लच?”

“क्लच नसतो.”

“गियर?”

“तोही नसतो.”

“मग मी शिकवू काय? शेजारी बसून जांभया देऊ?”

“मामा, तुम्ही तरी सांगा ना यांना.”

मी आमटीत तोंड घातलं. नवराबायकोच्या भांडणात मी पडतो, बापलेकीच्या नाही. ताईने भाऊजींना पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या दुकानात येऊन बसले. गिऱ्हाईक नव्हतं. बराच वेळ ते एक रिकामी फ्रेम हातात फिरवत राहिले.

“अरे, मला दुसरं येतं काय?” ते म्हणाले. “घाबरलेल्या माणसाचा पाय क्लचवरून हळूहळू कसा उचलायचा, तेवढंच येतं. समोरच्याच्या पोटरीकडे बघून सांगतो मी, आता गाडी बंद पडणार म्हणून. ते गेलं तर मी मास्तर कशाचा?”

मला त्यांची फार दया आली. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, पण त्या दिवशी मी नुसत्या काचा पुसत बसलो.

भाचीने पिच्छा सोडला नाही. “नुसती चालवून तर बघा,” म्हणत तिने आम्हाला शोरूममध्ये नेलंच. भाऊजी स्टिअरिंगवर, शेजारी टाय लावलेला विक्रेता, मागे ताई आणि मी. भाची शोरूममध्येच थांबली. गाडी सुरू झाली आहे यावर भाऊजींचा विश्वासच बसेना. “आवाज कुठाय?” असं त्यांनी दोनदा विचारलं.

पहिल्याच वळणावर सवयीने त्यांचा डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नव्हता. पाय पडला तो ब्रेकवर, आणि तोही म्हातारीचा क्लच दाबायच्या ताकदीने. गाडी जागच्या जागी खिळली. विक्रेता पुढे झुकून समोर आपटता आपटता वाचला, माझं नाक पुढच्या सीटवर चेपलं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. हजारोंना ब्रेक शिकवलेला माणूस घामाघूम झाला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कुणा शिकाऊ पोराने त्यांना असं पाहिलं असतं तर त्यांनी शाळा त्याच दिवशी बंद केली असती.

सिग्नलला गाडी उभी राहिली. विक्रेत्याने टाय सारखा केला आणि तो शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला, “सर, डावा पाय विसरून जा. या गाडीत डाव्या पायाला कामच नाही.”

“काय म्हणालात?” मागून ताईने विचारलं.

“मॅडम, दोनच पेडलं आहेत. दोन्ही उजव्या पायाने. डावा पाय नुसता बाजूला ठेवायचा.”

“पुन्हा एकदा सांगा.”

त्याने पुन्हा सांगितलं. मी ताईकडे पाहिलं. तिचा हात नेहमीसारखा गुडघ्यावर होता. तिने तो उचलला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवला. भाऊजी आरशातून मागे बघत होते. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट मांडला, तरी ते बघतच राहिले.

शोरूममध्ये परतल्यावर किंमत, बॅटरी, हप्ते यातलं त्यांनी काही विचारलं नाही, ते सगळं भाचीने विचारलं. त्यांनी एकच विचारलं, “बाजूच्या सीटला ब्रेक बसवून मिळेल ना?”

म्हातारी गॅरेजवाल्याने नेली. तिच्या बाजूच्या सीटचा क्लच भाऊजींनी काढून घेतला. तो आता ऑफिसात कागदांवर वजन म्हणून असतो.

शिकायला येणारे पहिल्याइतकेच घाबरलेले येतात, त्यामुळे मास्तरांचं काम काही कमी झालं नाही. नव्या गाडीत पहिली बसली मात्र ताई, त्याच जुन्या मैदानावर. निम्मं तिला येतच होतं. आठवड्याभरात ती रस्त्यावर आली, मग बाजारात. तिच्यामागून आलेल्या दोघातिघांची मांडीसुद्धा झाली. ताईची होईना. भाऊजींचा उजवा पाय ब्रेकवर चिकटलेलाच, आणि डावा पायही बिचारा नसलेला क्लच दाबत राहायचा.

त्या दिवशी मी मागे बसलो होतो, चष्म्यांचं पार्सल आणायचं होतं. ताईने बाजारातून गाडी अलगद काढली, हातगाडीवाल्याला वाट दिली, एका सायकलवाल्याला बेतशीर हॉर्न दिला. मग इंडिकेटर लावून तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“काय झालं?” भाऊजी दचकले.

“अहो, माझं कुठे चुकतंय का?”

“नाही.”

“मग मांडी घाला.”

“घालतो की. आज जरा वर्दळ आहे. उद्या...”

“मैदानावर तुम्ही म्हणालात राहू दे. मी राहू दिलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “आता घाला.”

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग ते वाकले आणि त्यांनी चपला काढल्या. आधी डावा पाय वर घेतला. उजवा ब्रेकवरून निघता निघेना. शेवटी तोही त्यांनी हाताने धरून वर घेतला. गुडघे आता पूर्वीसारखे वळत नाहीत, एक दाराला टेकला, तरी ते मांडी घालून बसले. चेहरा असा, की जणू दात काढायला आलेत.

मला भरून आलं. ताईने मागचं बघायला आरशात पाहिलं आणि तिला मीच दिसलो.

“तू कशाला रडतोस? पट्टा लाव.”

मी पट्टा लावला. तिने इंडिकेटर दिला, मागून येणारा टेम्पो जाऊ दिला. गाडीला आवाज नाही, त्यामुळे ती निघाल्याचं मला कळलं ते खिडकीबाहेरची दुकानं मागे सरकायला लागल्यावर. चौक आला, रिक्षा आडवी आली, ताईने ब्रेक दाबला आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. मी वाकून पुढे पाहिलं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते, पण मांडी मोडली नव्हती.