चिखलाचे टायर आणि दुधाची किटली

माझ्याकडे फोर बाय फोर गाडी आहे आणि ती मी रोज संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचं दूध आणायला वापरतो. (कोल्हापुरात याला कुणी हसत नाही. समोर म्हैस उभी करून किटलीत धार काढून मिळत असेल, तर माणूस रणगाड्यातून का येईना!)

या गाडीची खरी परीक्षा फक्त पावसाळ्यात होते. माझी सासुरवाडी राधानगरीच्या पुढे. दर पावसाळ्यात आम्ही तिकडे जातो, दर पावसाळ्यात गाडी सासऱ्यांच्या अंगणात रुतते आणि मामा, म्हणजे माझे सासरे, ट्रॅक्टर काढून जावयाला ओढून बाहेर काढतात. गावातली माणसं छत्र्या घेऊन बघायला जमतात. गेल्या साली तर कुणीतरी भजी तळून आणली होती!

यंदा मेव्हण्यानं त्याच अंगणात बांधलेल्या नव्या घराची वास्तुशांत होती. म्हणजे झाडून सगळे पाहुणे हजर असणार. मी बायकोला बजावलं, "वैशाली, यंदा ट्रॅक्टर न्हाई! आपल्या चाकावर जायचं आणि आपल्या चाकावर यायचं. माझ्या इज्जतीचा प्रश्न हाय."

"बरं," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या भांडणाला कधी घाबरलो नाही, पण या 'बरं'ला घाबरतो.

जुने टायर गुळगुळीत झाले होते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारणं सोपं गेलं. सल्ला द्यायला कट्ट्यावरचा मित्र संभा बरोबर आला. संभाकडे स्वतःची सायकलही नाही, पण गाड्यांतलं त्याला सगळं कळतं.

"गाडी फिरवता कुठं?" दुकानदारानं विचारलं.

"जंगलात, डोंगरात, चिखलात," मी छाती काढून म्हणालो.

"आणि दूध कट्ट्यावर," संभानं प्रामाणिकपणे भर घातली.

"मग हे मधलं घ्या की. डांबरावरबी चालतंय, चिखलातबी चालतंय. ते मोठ्या खाचांचं टायर निव्वळ चिखलाचं हाय. डांबरावर लई आवाज करतंय बघा."

"आवाजच पायजे!" संभा ओरडला. "गाव वळून बघाय नको व्हय?"

झालं! ज्या कारणासाठी दुकानदार नको म्हणत होता, त्याच कारणासाठी आम्ही ते टायर घेतले. नवी वस्तू म्हटल्यावर आधी जोतिबाला जाणं आलंच. तिथं संभानं चारी टायरांवर इतका गुलाल उधळला की डोंगर उतरताना गाडी निवडणूक जिंकून आल्यासारखी दिसत होती. वैशाली दोन्ही कानांवर हात ठेवून मागे बसली होती. ती काहीतरी बोलत होती, पण टायरांच्या घरघरीत मला एक शब्द ऐकू आला नाही. (हा फायदा दुकानदारानं सांगायलाच हवा होता!)

वास्तुशांतीला आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गुडघाभर चिखल होता. मामा पांढऱ्याशुभ्र धोतरात दारात उभे होते. त्यांच्यामागे पिस्ता रंगाची नवी कोरी भिंत. त्यांच्या हातात दोर होता, आणि बाजूला ट्रॅक्टर आधीच चालू करून ठेवलेला!

"या पावणं! लावू न्हवं दोर?"

"गरज न्हाई मामा, टायर बघा टायर!" असं म्हणून मी गाडी वळवली आणि सगळ्यांच्या देखत उलटी, रुबाबात, थेट भिंतीपर्यंत नेली. मग जरा सरळ करावी म्हणून पुढे घेतली. म्हणजे घ्यायला गेलो. गाडी जागची हलेना.

मी ॲक्सिलरेटर दाबला. टायर खरोखर उत्तम होते, हे मला मान्य केलंच पाहिजे. अंगणातला चिखल त्यांनी असा काही उचलला की पिस्ता रंग दिसेनासा झाला. मी आणखी दाबला. मामांचं धोतर दिसेनासं झालं! आतून भटजींनी मंत्र थांबवून विचारलं, "काय झालं हो?"

"जावई आलं!" मामा चिखलातून म्हणाले.

मी घामाघूम झालो. "चारी चाकांना ताकद हाय, तरी का निघंना?"

"चारींना कुठली?" शेजारच्या सीटवरून वैशाली शांतपणे म्हणाली. "मागचीच दोन जोर लावालीत."

"असं कसं? चारी फिरताना मी डोळ्यांनी बघितलंय!"

तिनं गिअरशेजारच्या दुसऱ्या, छोट्या दांड्याला अडकवलेली दुधाची किटली काढून मांडीवर घेतली. (तो दांडा कंपनीनं दूध सांडू नये म्हणूनच दिलाय, अशी माझी पक्की समजूत होती.)

"क्लच दाबा," ती म्हणाली आणि तिनं दांडा खटकन ओढला. "आता पुढचीबी दोन जोर लावतील. सोडा, हळू."

गाडी कुरकुर न करता चिखलातून वर आली. जुन्या टायरांवरसुद्धा आली असती, हे मला तिथंच कळलं आणि फार लागलं.

"तुला हे ठाऊक हुतं?"

"गाडी घेतली तवा शोरूममधल्या माणसानं सांगितलं की. तुमी हार घालून फोटो काढून घ्यायलतासा."

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"बाबास्नी ट्रॅक्टर काढायची लई हौस. म्हटलं, कशाला मोडा!"

मामा खरंच हिरमुसले होते. चिखलानं माखलेल्या अंगानं, हातातल्या दोराकडे बघत त्यांनी विचारलं, "मग आता ह्यो ठिवून देऊ व्हय गं?"

"नको बाबा, हाताशीच असू दे," वैशाली म्हणाली. "जाताना हे एकटंच पुढं जाणार हायत. मी चार दिवस ऱ्हाणार हाय, भिंत धुवाय."