वर्तुळाबाहेरचा गुरुवार

फोनच्या नकाशावरून आजीचा ठिपका कुठे गेला, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. फोन बिघडला असेल असं बाबाने तुम्हाला सांगितलं म्हणे. फोन उत्तम चालू आहे. ठिपका मी बंद केला. का केला ते क्रमाने सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

सुट्टीत तुम्ही सोलापूरला आला होतात, तेव्हा बाबाने ते ठिपक्याचं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये घातलं. जेवण नुकतंच झालं होतं, आंब्याच्या कोयी अजून ताटात होत्या. तुमच्यातल्या धाकटीने नकाशावर आपल्या जुळे सोलापूरच्या घराभोवती बोटाने एक गोल काढला आणि म्हणाली, "आजी, तू याच्या बाहेर गेलीस की बाबाचा फोन वाजणार!" सगळे हसले. मीही हसले. गोलात माझी बँक होती, दवाखाना होता, भाजीवाली होती. बाबा म्हणाला, "बघ आई, तुला लागतं ते सगळं आत आहे." कुंभारी गाव बाहेर राहिलं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण तुमचे जायचे दोनच दिवस उरले होते, वाद नको म्हणून मी गप्प बसले. चूक तिथे झाली, आणि ती माझी.

कुंभारीला माझी मैत्रीण राहते. मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथे ती शिपाई होती. नोटिशीची वही घेऊन ती वर्गाच्या दारात आली की मुलं माझ्यापेक्षा तिला जास्त घाबरायची. नोकरीत असताना आमची मैत्री झाली नाही. मी खुर्चीवर आणि ती दाराबाहेरच्या स्टुलावर, तेव्हा होणार कशी? ती झाली दोघी निवृत्त झाल्यावर. ती मला अजून 'बाई' म्हणते आणि मी तिला 'अगं', एवढं मात्र बदललेलं नाही.

गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते, पण जवळ कुणीतरी लागतं. एकदा एकटी असताना पडली होती. तिची सून विड्या वळते आणि तयार विड्या कारखान्यात देऊन यायला तिला दोन-तीन तास लागतात. तेवढा वेळ बाकीच्या दिवशी शेजारच्या बायका आळीपाळीने बसतात. गुरुवार माझ्याकडे आहे. दोन रिक्षा बदलून मी अकराला पोहोचते. आम्ही रमी खेळतो, ती मला हुलग्याचं माडगं प्यायला लावते, आणि सून आली की मी निघते. यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. मी लपवलंही नव्हतं; फक्त कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही परदेशी परत गेल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी, रिक्षा अक्कलकोट रस्त्याला लागली आणि फोन वाजला.

"आई, तू कुठे चाललीस?"

"कुंभारीला."

"एकटी? रिक्षाने? एवढ्या उन्हात?"

"रिक्षाला छप्पर असतं."

त्याला हसू आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी माझा फोन पर्समध्ये राहिला, तर त्याने खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना फोन केला. संध्याकाळी ते जिन्यातच भेटले. "काकू, कुंभारीला कुणी आजारी आहे का? नाही, दर गुरुवारी जाता म्हणून विचारलं." दोन दिवसांत तो प्रश्न आमच्या इमारतीतल्या भिशीत पोहोचला. एकीने विचारलं, "कुणी महाराज वगैरे आहेत का हो तिकडे? आम्हालाही सांगा." दुसरी म्हणाली, "माझी मुलगी मी कुठल्या दुकानात आहे ते पुण्यात बसून सांगते. आम्हाला आता गंमत वाटते." मला वाटत नव्हती.

मी जन्मभर सांगून घराबाहेर पडले. सासूबाईंना सांगून, मग तुमच्या आजोबांना सांगून. पण ते सांगणं माझं होतं. आवाज माझा, शब्द माझे. कधी थोडं कमी सांगितलं तर तेही माझं. ठिपका मला न विचारता सांगतो, आणि कुठे एवढंच सांगतो, कशासाठी ते नाही. मग ते 'कशासाठी' लोक आपापल्या मनाने भरतात.

सगळ्यात वाईट म्हणजे मी स्वतः बदलायला लागले. चपला घालताना आधी मनात यायचं, तिकडे आता कुठे सकाळ होतेय, पोरं शाळेला निघाली असतील, याचा फोन वाजेल, हा चिडेल. आणि एका गुरुवारी मी गेलेच नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं. गुडघा दुखत नव्हता. त्या दिवशी तिची सून कारखान्यात जाऊ शकली नाही, घरीच बसली. हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही सहज बोलण्यातून. कुणी तक्रार केली नाही. त्यामुळे जास्त लागलं.

हे कळलं त्याच दिवशी, पत्ते वाटून झाल्यावर बाबाचा फोन आला. तिला मध्येच न्हाणीत नेऊन आणून नुकतं खाटेवर बसवलं होतं, माझा एक हात तिच्या पाठीशी होता, म्हणून मी स्पीकर लावला.

"आई, पुन्हा तिथेच? अगं, त्यांची सून आहे ना? तू कोण त्यांची? उद्या तूच तिथे पडलीस तर मी इथून काय करू?"

मी काही बोलायच्या आत तिने पत्ते खाली ठेवले, पालथे नाही, उघडेच. "बाई, नगा येत जाऊ तुमी. माज्यापायी पोराचं नि तुमचं वाकडं व्हायला नको. मी बसते की एकटी. एकदा पडले म्हनून काय रोज पडते व्हय?"

ती ऐकते आहे हे बाबाला माहीत नव्हतं.

"फोन ठेव," मी त्याला म्हणाले. "मी संध्याकाळी बोलेन."

मग मी चष्मा लावला आणि ते अ‍ॅप उघडलं. ती वाकून बघत होती.

"बंद करता येतंय व्हय ते?"

"सुरू करता येतं ते बंद करता येतं."

"पोरगा लई चिडंल."

"चिडू दे. तू पत्ते उचल, मला सगळे दिसले."

"मंग परत वाटा की! फुकट जिंकायचं व्हय?"

पुन्हा वाटले. तोवर अ‍ॅपने मला तीनदा विचारलं की नक्की बंद करायचं का. तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

संध्याकाळी तुमचा बाबा काळजीने बोलला, हे मी मान्य करते. त्याने विचारलं, "तुला काही झालं तर मला कळणार कसं?" मी म्हणाले, "शेजारी कळवतील, जसं माझ्या आईचं मला कळलं. तू लांब राहतोस, त्याची भीती तुला वाटते. ती भीती खरी आहे. पण ती घालवायला मी घरात बसणार नाही. मी घरात बसले की तिकडे एक बाई एकटी पडते." तो म्हणाला, "निदान निघताना मेसेज तरी कर." मी म्हणाले, "आठवण राहिली तर करेन." त्याला ते आवडलं नाही. अजूनही तो जरा तुटकच बोलतो. बोलू दे.

तुम्हाला मी कुठे आहे ते हवं असेल तर फोन करा आणि विचारा. तुम्ही विचारलंत तर मी रस्त्यातली सगळी गंमतसुद्धा सांगेन. पण तो गोल पुन्हा काढायचा नाही. माझ्याभोवती नाही, आणि मोठे झाल्यावर दुसऱ्या कुणाभोवतीही नाही.

या गुरुवारी बाबाचा फोन आला तेव्हा मी तिला वॉकर धरवून अंगणापर्यंत नेत होते. दोन्ही हात गुंतले होते, उचलला नाही. दुपारी घरी आल्यावर मीच केला.

"कुठे होतीस?" त्याने विचारलं.

"बाहेर," मी म्हणाले, आणि तुमच्या परीक्षा कधी आहेत ते विचारलं.