दुसऱ्याच्या घरातला आवाज

अंबडहून शहागडला जाताना एसटीत मी फोनशी झगडत होते. माझं ऑनलाइन खातं अचानक बंद झालं होतं आणि वारलेल्या आईने गायलेली भीमगीतं त्यातच होती. शेजारच्या अनोळखी मावशींना हे सांगताना मला रडूच आलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरात ठेवलं, मंग कुलूपबी त्याचंच की, बाई. माह्या मायच्या ओव्या मी समद्या बहिणींच्या फोनात टाकल्यात. तू कोणालाच पाठवलं न्हाई का?”

मला टेंभुर्णीची मामेबहीण आठवली. लगेच फोन लावला. “एक गाणं हाय माझ्याकडं,” ती म्हणाली.

शहागड यायच्या आत ते आलं. मावशींनी फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं, मग स्वतःचा फोन पुढे केला.

“मलाबी दे. आजून एका घरात राहील.”